कट-ऑफ छापले, मग फी का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘फिजिक्ससाठी कुठे जाल?’ हा लेख वाचला आणि राग आला. पान कट-ऑफने भरले आहे, पण एकाही कॉलेजच्या नावापुढे वर्षाची फी नाही. फिजिक्स घ्यायचे म्हटले की बहुतेक घरांत पहिली चर्चा पैशाचीच होते.

एकाच कॉलेजात बी.एस्सी.ची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते. पहिलीत शिक्षकांचा पगार सरकार देते, दुसरीत तो मुलांच्या फीतून निघतो. फीमधला फरक कित्येक पटींचा असतो. अभ्यासक्रम आणि पेपर मात्र तेच. म्हणून अर्जात ‘अनुदानित’ स्वतः वाचून निवडावे. पहिल्या यादीत नाव नाही लागले तर लगेच विनाअनुदानितचे पैसे भरू नयेत. इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की अनुदानित तुकडीतली मुले निघून जातात आणि जागा रिकाम्या होतात. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय विज्ञान संस्था, अमरावतीची विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, कोल्हापूरचे राजाराम कॉलेज ही तर सरकारीच. लेखात यातले एकही नाव नसावे?

‘सुसज्ज प्रयोगशाळा’ हे शब्द मात्र सहा ठिकाणी आहेत. प्रयोगशाळा सुसज्ज आहे की नाही, हे पालकांना अर्ध्या तासात कळू शकते. सोडियमचा दिवा लावायला सांगा. तो आधी गुलाबीसर दिसतो, पिवळा व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे कोन मोजायचे उपकरण, बघा: व्हर्नियरच्या (बारीक मोजपट्टीच्या) रेघा भिंगातून स्पष्ट वाचता येतात का, प्रिझम टेबलचे तिन्ही स्क्रू फिरतात का, घट्ट केलेली दुर्बीण हात लावताच सरकते का. इंचाला 15,000 रेषांची ग्रेटिंग (बारीक रेषा आखलेली पट्टी) असेल तर दुसऱ्या ऑर्डरला, म्हणजे मधल्या रेषेपासून बाजूला दुसऱ्यांदा रंग उमटतात तिथे, 44 अंशांच्या आसपास, सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा सुट्या दिसायला हव्यात. त्यांची तरंगलांबी 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर, आणि त्यांच्यातला कोन जेमतेम साडेतीन मिनिटांचा (एका अंशाची 60 मिनिटे). एकच जाड पट्टा दिसला तर स्लिट (प्रकाश आत येण्याची बारीक फट) बिघडलेली असते किंवा कॉलिमेटर (प्रकाश समांतर करणारी नळी) नीट लावलेला नसतो. ग्रेटिंगवर बोटे उमटली असतील तर रेषा फिकट पडतात. अशा उपकरणावर रीडिंग येतच नाही, मग मुले ते मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतात. एका उपकरणावर मुले किती, हेही विचारा. दोन असतील तर ठीक. पाच असतील तर तिघे नुसते बघत उभे राहतात.

दुसरी चौकशी गणिताची करा. बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन विषय असतात आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, पुढे ठरतो. गणिताशिवाय फिजिक्स घेतले तर एम.एस्सी.च्या दारात अडायला होते, कारण अनेक ठिकाणी बी.एस्सी.ला गणित असणे ही अट आहे. शिवाय मुले कमी पडली तर फिजिक्स मेजरची तुकडी चालवली जात नाही आणि मुलाला दुसरा विषय गळ्यात घ्यावा लागतो. गेल्या दोन वर्षांत ही तुकडी प्रत्यक्षात चालली का, हे ऑफिसात नव्हे, विभागात जाऊन विचारावे.

इन्स्पायर शिष्यवृत्तीचा तर उल्लेखच नाही. बोर्डाच्या वरच्या 1 टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञान घेणाऱ्या मुलांसाठी ती वर्षाला 80,000 रुपयांची आहे. त्यातले 60,000 खात्यात जमा होतात, 20,000 उन्हाळी प्रकल्पासाठी असतात. इंजिनिअरिंगला गेले तर ती मिळत नाही. अनुदानित तुकडीची फी भरून मेसचा खर्चही त्यातून निघेल.

आणखी एक. चौकटीत जॅमला ‘बारावीनंतरची परीक्षा’ म्हटले आहे. जॅम बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीत देतात, एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी. बारावीनंतरची ती नेस्ट. तिच्यातून भुवनेश्वरचे नायसर आणि मुंबईत कलिन्याचे सीईबीएस या विज्ञान संस्थांत पाच वर्षांच्या एकत्रित एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी वेगळी परीक्षा आहे. निकालाची वाट बघत बसले तर हे अर्ज राहून जाऊ शकतात, त्यामुळे दुरुस्ती उद्याच्याच अंकात छापावी आणि सोबत फीचा तक्ता द्यावा, अनुदानित आणि विनाअनुदानित असे दोन रकाने करून.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सांगली