रायगडाचा कडा स्क्रीनवर उतार का होतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा मुलीने मोबाईलवर रायगडाची एक व्हर्च्युअल टूर दाखवली, राजसदर, नगारखाना, बाजारपेठ सगळं मस्त उभं केलंय, पण कॅमेरा हिरकणी बुरुजाकडे वळला आणि मला राहवेना. खाली कडाच नाही! शेरडं चरत चरत उतरतील असा हिरवा उतार. मुलगी म्हणाली, बाबा, इथून उतरणं एवढं काय अवघड होतं? काय सांगणार तिला.

हे होतं कसं तर बऱ्याचदा सॅटेलाइटचा फुकट मिळणारा उंचीचा डेटा घेतात, त्यात साधारण ३० मीटरला एक उंची असते, मधलं सगळं सॉफ्टवेअर आपलं जोडून टाकतं, त्यामुळे सरळसोट कडा घसरगुंडी होऊन जातो. मग डोंगर भव्य दिसावा म्हणून काहीजण उंची ताणतात, ते वेगळंच.

आणि जमीन चुकली की वरचं बांधकामही चुकतं. रायगडाला सगळीकडे तट नाही कारण टकमक टोकासारख्या ठिकाणी कडा हाच तट आहे, या टूरमध्ये मात्र चारी बाजूंनी तट घातलाय, बहुतेक उतार सोपा दिसला म्हणूनच. महादरवाजा खरं तर दोन बुरुजांच्या आड असा लपवलाय की जवळ जाईपर्यंत दिसत नाही, इथे तो पार पायथ्याच्या पाचाड गावातून दिसतो! म्हणजे ज्या हुशारीसाठी गड बघायचा तीच गेली.

२०२५ मध्ये आपले १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले ते ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स’ म्हणून, नावातच जमीन आहे. त्यामुळे अशा कामाला पैसे देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, आधी ड्रोनने, लायडारने (लेझर किरणांनी अंतर मोजणारं यंत्र) कडे नीट मोजून घ्या. तेवढं बजेट नसेल तर निदान स्क्रीनवर लिहा की कुठला भाग मोजलेला आहे, कुठला अंदाजाने केलाय आणि उंची किती पट ताणलीय. ऐतिहासिक वास्तू कॉम्प्युटरवर उभ्या करण्यासाठी लंडन चार्टर नावाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं आहेत त्यातही हेच म्हटलंय की पुरावा कुठला आणि तर्क कुठला हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि एक ओळ लिहायला असा काय खर्च येतो?

मुलीला या डिसेंबरात रायगडावर नेतोय. रोपवेने नाही, महादरवाजातून, पायऱ्यांनी.

– एक वाचक, पुणे