भरतीची तयारी सोळाशे मीटरवरच का थांबते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सैन्यभरतीचा निकाल लागला की गावात गुलाल उधळला जातो, पण त्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत मुलावर काय गुदरते याविषयी त्याच्या घरी किंवा अकॅडमीत फारसे कोणी बोलत नाही. मी काही वर्षे लष्करात उस्ताद म्हणून रंगरूटांना शिकवले आहे, म्हणून हे लिहीत आहे.

आपल्याकडच्या अकॅडम्यांचा सारा भर 1600 मीटर साडेपाच मिनिटांत धावणे, बीमवर 10 पुलअप काढणे आणि 9 फुटी खड्डा ओलांडणे यांवर असतो. मुलगा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात जावो की नाशिकच्या तोफखाना केंद्रात, तिथे मात्र पहाटेची पीटी, त्यामागोमाग कवायत, हत्याराचे धडे आणि रात्रीची रोल कॉल असा दिवस जातो. रायफल खोलण्या-जोडण्याचा धडा हिंदीत म्हणून दाखवताना धावण्यात पहिला आलेला मुलगाही अडखळतो. घरची आठवण तर प्रत्येकालाच येते. बरॅकमध्ये दिवे मालवल्यावर उशीत तोंड खुपसून रडणारी मुले मी पाहिली आहेत, आणि प्रशिक्षणाच्या शेवटी शपथ घेण्याच्या संचलनात, म्हणजे कसम परेडला, तीच मुले ताठ मानेने चालताना पाहून माझेही डोळे भरून आले आहेत.

मला खरी काळजी वाटते ती पायांची. गावाकडच्या मातीत हलक्या बुटांवर धावलेला मुलगा एकाएकी जड बूट घालून कठीण मैदानावर टाच आपटू लागतो. नव्या ताणाखाली हाड आधी थोडे झिजते आणि मग सावकाश भरून येते. या मधल्या काही आठवड्यांत विश्रांती मिळाली नाही, तर नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते. सुरुवातीला फक्त ठणका लागतो, म्हणून मुलगा तो अंगावर काढतो. आजारी म्हणून नाव दिले तर आपण मागच्या तुकडीत ढकलले जाऊ, अशी धास्ती त्याला असते. सध्याच्या सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची असते, त्यात प्रशिक्षणाचाही काळ धरलेला आहे आणि 2022 च्या घोषणेनुसार तुकडीतील 25 टक्क्यांपर्यंतच जवान कायम होणार असल्याने ही धास्ती वाढली आहे. वेळीच सांगितले असते तर काही आठवड्यांच्या विश्रांतीने बरा झाला असता, असा एक गुणी रंगरूट दुखणे लपवल्यामुळे हाड पूर्ण मोडून घरी परतलेला मी पाहिला. त्या वेळी त्याचे लंगडणे माझ्याही नजरेतून सुटले होते, याची रुखरुख आजही आहे.

म्हणून अकॅडमी चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, निवड झालेल्या मुलांना केंद्रात जाण्यापूर्वी निदान सहा आठवडे जड बुटांची सवय हळूहळू लावावी, त्यांच्याशी रोज हिंदीत बोलावे आणि नडगीवर एकाच जागी बोटाने दाबल्यावर दुखत असेल तर त्याच दिवशी उस्तादांना सांगायचे, हे त्यांच्या मनावर बिंबवावे. आमच्यासारखे निवृत्त सैनिक सातारा-कोल्हापूरच्या गावोगावी आहेत. बोलावले तर या कामासाठी आम्ही विनामोबदला येऊ.

आपला,
एक निवृत्त हवालदार, जि. सातारा