ओटीचे खण, जुनी लुगडी आणि आवराआवरीचा सल्ला

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या आवराआवरीवर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखात ‘वर्षभरात हात न लागलेले कापड घराबाहेर काढा’ असा सल्ला आहे. अंगावरच्या कपड्यांपुरता तो ठीक असेल. गोधडी शिवणाऱ्या बाईच्या कपाटाला तो लावला तर कपाटात एक चिंधीही राहायची नाही. शिवणकामात वापरलेले कापड म्हणजे कापून संपलेले कापड. कपाटात जे आहे ते सगळे न वापरलेलेच असणार!

लेखातला दुसरा सल्ला आहे वर्षभर कापडखरेदी बंद ठेवण्याचा. हा परदेशी क्विल्ट, म्हणजे तिकडच्या ठिगळांच्या गोधड्या, शिवणाऱ्यांचा नेम आहे आणि तिथे तो पटण्यासारखाही आहे. अमेरिकेत क्विल्टसाठी ‘फॅट क्वार्टर’ म्हणजे साधारण १८ इंच बाय २२ इंचांचे तुकडे खास विकत मिळतात. रंग आवडला, घेतला, ठेवला, असे करत तिथले कपाट भरते. आपल्याकडची भरती वेगळ्या वाटेने होते. हळदीकुंकू, डोहाळजेवण, ओटी, लग्नातले मानपान. प्रत्येक ठिकाणाहून एकेक ब्लाउजपीस घरात येतो. तो आपण निवडलेला नसतो, मागितलेला नसतो आणि परतही करता येत नाही. त्यातला निम्मा माल पुन्हा दुसऱ्याच्या ओटीत जातो आणि फिरत फिरत कधी आपल्याच दारी येतो. त्यात सासूबाईंची लुगडी, आईच्या सुती साड्या, शिंप्याने दिलेले कातरण. खरेदी बंद केली म्हणून संक्रांत थोडीच थांबते?

त्यामुळे हा ढीग बघून मनाला जी टोचणी लागते, तिच्यावर खरेदीबंदीचा काही उपाय चालत नाही. हिशेबाचा चालतो. कपाटातले कापड किलोत किंवा मीटरमध्ये न मोजता गोधड्यांत मोजावे.

पाच फूट बाय सात फूट, म्हणजे ६० इंच बाय ८४ इंचांची, एका माणसाची गोधडी धरू. शिवून झाल्यावर चार इंचांचे ठिगळ हवे असेल तर ते साडेचार इंचांचे कापायचे, कारण चारही बाजूंना पाव पाव इंच शिवणीत जातो. अशी आडवी १५ आणि उभी २१, एकूण ३१५ ठिगळे लागतात. साधारण ८० सेंटीमीटर लांब आणि ९० सेंटीमीटर पन्ह्याच्या ब्लाउजपीसमधून, धुऊन आटल्यावर आणि कडा काढल्यावरही, सहा गुणिले सात अशी ४२ ठिगळे आरामात निघतात. आठ खणांत वरचा थर झाला, वर २१ ठिगळे शिल्लक. बाळाच्या ३६ इंची दुपट्याला ८१ ठिगळे लागतात, म्हणजे दोन खण.

आतल्या थरांचा हिशेबही असाच. सहावारी साडी साडेपाच मीटरची, पन्हा ४५ इंचांच्या आसपास. जाड काठ काढले की ४२ इंच उरतात आणि असे दोन तुकडे कडेला कड भिडवून ठेवले की बरोबर ८४ इंच होतात. तुकडे एकमेकांवर चढवू नयेत, तिथे वळ उठतो आणि सुई अडते. एका थराला ६० इंचांचे दोन तुकडे लागतात. एका सहावारीतून तसे तीन निघतात, तेव्हा दोन साड्यांत तीन थर. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते, तिच्यातून पाच तुकडे निघतात, म्हणजे दोन नऊवारींत पाच थर. पुण्याच्या थंडीला तीन थर पुरतात. पाच थरांची वाकळ उबदार खरी, पण ती हाताने शिवायला दाभण आणि मनगट दोन्ही दणकट हवे, आणि वाळायला कडक ऊन हवे.

हा हिशेब मांडला की ज्या कपाटाकडे बघून घरचे नाक मुरडतात, त्यात बहुधा चार-पाच गोधड्यांपुरता माल निघतो. चार-पाच गोधड्या म्हणजे हौसेने शिवणाऱ्या बाईचे दोन-तीन वर्षांचे काम. त्याला अडगळ कोण म्हणेल?

मात्र या हिशेबात सगळे खण धरता येत नाहीत. ‘टू बाय टू’ या नावाने सुती म्हणून येणाऱ्या खणांतही मिश्र सूत असते आणि हाताला ते ओळखू येईलच असे नाही. कडेचे दोन-चार धागे काढून, चिमट्यात धरून, स्टीलच्या ताटलीवर जाळून बघावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ, राखाडी राख होते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि काळा कडक मणी उरतो. जळूनही राखेत कडक कण लागले तर मिश्रण समजावे. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. ही परीक्षा टाळली तर त्याची फळे पहिल्या धुण्यात दिसतात. नवे सुती कापड शेकडा तीन ते पाच आटते, पॉलिएस्टर आटत नाही. पाच फुटांत शेकडा तीन म्हटले तरी जवळजवळ दोन इंच होतात. शेजारी शेजारी शिवलेल्या ठिगळांपैकी एक आटले आणि दुसरे नाही, की त्या दुसऱ्याला चुण्या पडतात आणि टाके ताणले जातात. शिवाय सुतीला लागते तेवढी गरम इस्त्री फिरवली की पॉलिएस्टर चकाकते आणि गोळा होते. पॉलिएस्टर खण वाईट नसतात. त्यांच्या पिशव्या, पायपुसणी, उशांची आतली खोळ छान होते. फक्त त्यांचा गठ्ठा वेगळा हवा.

सुती ठरलेले कापड कापण्याआधी धुवावे. लाल, मरून, गडद निळा आणि काळा हे चार रंग संशयितच धरावेत. ओल्या पांढऱ्या चिंधीवर कापड ठेवून गरम इस्त्री दाबली की रंग सुटतो का ते लगेच कळते. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे. दुकानातल्या आजच्या तयार रंगीत कापडाला त्याचा उपयोग होत नाही, पुढच्या धुण्यात रंग पुन्हा सुटतो. सुटा रंग धुऊनच काढावा लागतो, पाणी स्वच्छ येईपर्यंत. तीन-चार धुण्यांनंतरही पाणी रंगत असेल तर ते कापड पांढऱ्याशेजारी लावू नये, गडद रंगांच्या गोधडीत घालावे. आणि शिवलेल्या गोधडीत रंग पसरलाच, तर ती वाळू देऊ नये. टबभर गरम पाण्यात साबणपूड घालून रात्रभर बुडवून ठेवावी, पाणी रंगले की बदलावे. एकदा वाळून इस्त्री फिरली की डाग बसलाच.

धुण्याचा आणखी एक फायदा म्हणजे खळ निघून जाते. कसर खळीवर जगते आणि खळीसाठी कापडही कुरतडते. कोऱ्या करकरीत खणांचा गठ्ठा तसाच ठेवणे म्हणजे तिला आमंत्रण. प्लास्टिकच्या पिशव्यांत कापड कोंडू नये. पावसाळ्यात, कोकणात तर विशेषच, आतल्या दमटपणाने बुरशीचे ठिपके पडतात आणि ते सहसा जात नाहीत. जुन्या पंचात किंवा धोतराच्या तुकड्यात बांधलेले गाठोडे हीच चांगली सोय, हवा खेळती राहते. ऑक्टोबरच्या उन्हात गाठोडी सोडावीत, पण रंगीत कापड थेट उन्हात तासन्‌तास टाकू नये, घडीच्या कडेवर फिकट पट्टा उमटतो. सावलीतली वाहती हवा पुरे. परत ठेवताना घडी दुसऱ्या जागी घालावी. रेशीम आणि जर घडीवरच आधी विरतात. पन्नास वर्षे न हलवता जपलेली पैठणी उलगडताना घडीघडीवर चिरते, याचे कारण नेसणे नसून ते जपणेच असते.

इथे खरी अडचण येते, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. कापड खूप आहे म्हणून गोधडी अडत नाही, ती अडते कापवत नाही म्हणून. इरकली खण, आईचे शेवटचे लुगडे, कुणी प्रेमाने आणलेला कलमकारीचा तुकडा; कात्री लावली आणि बिघडले तर? ही भीती शहाणपणाची आहे, तिला हसू नये. पण तिच्यावर वाट आहे. आवडत्या कापडातून आधी चार बोटे रुंदीची एकच पट्टी काढावी आणि ती गोधडीच्या मधोमध लावावी. बाकीचे कापड शाबूत राहते आणि हात मोकळा होतो. लुगड्याचा पदर सबंध ठेवून अंगाचेच कापड वापरावे. काठ फेकू नयेत, सुती काठांचा गोट सुरेख होतो. मात्र काठ सरळ सुतावर विणलेला असतो, त्यामुळे तो सरळ कडेलाच बसतो. गोल कोपरे हवे असतील तर गोटासाठी उरेब, म्हणजे सुताला तिरकी, पट्टीच कापावी लागते.

लुगडे कुठल्या थरात घालायचे तेही ठरलेले नसते. खिडकीत उजेडासमोर धरावे. जाळी दिसली, किंवा दोन्ही हातांनी हिसका दिल्यावर फाटण्याचा आवाज आला, तर ते आतल्या थरात. वर घातले तर दोन धुण्यांत ठिगळावर ठिगळ लावायची वेळ येते. लोखंडाच्या काळ्या रंगाने छापलेली जुनी कापडे काळ्या नक्षीच्या जागीच आधी झिजतात, ती हमखास आत.

नवशिक्या मंडळींचा उत्साह बहुतेक दोन ठिकाणी मावळतो. पहिले म्हणजे पाव इंचाची शिवण. मशीनच्या दाबपट्टीची कड म्हणजे पाव इंच, असे धरून चालले आणि प्रत्यक्षात प्रत्येक बाजूला इंचाचा सोळावा भाग जास्त गेला, तर एका जोडामागे अष्टमांश इंच खाल्ला जातो. पंधरा ठिगळांच्या ओळीत चौदा जोड, म्हणजे पावणेदोन इंच गेले. वरखालच्या ओळी जुळत नाहीत आणि दोष कापण्यावर जातो. दीड इंची तीन पट्ट्या जोडून बघाव्यात. मधली पट्टी बरोबर एक इंच दिसली तर शिवण बरोबर. एका ओळीच्या शिवणी डावीकडे आणि पुढच्या ओळीच्या उजवीकडे दाबल्या की कोपरे एकमेकांत अडकून आपोआप जुळतात.

दुसरे म्हणजे मधला फुगा. परंपरेने धावदोरा कडेपासून फेरे घेत आत जातो. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजातल्या स्त्रियांचे कवंदही, म्हणजे त्यांची गोधडीही, असेच कडेकडून आत शिवले जाते आणि कोपऱ्यांवर ‘फुला’ नावाची ठिगळे बसवल्याशिवाय ते पुरे धरत नाहीत. या पद्धतीत सैल कापड फेऱ्याफेऱ्याला मध्याकडे सरकते. जुनी, मऊ लुगडी ते सामावून घेतात, कोरे खण घेत नाहीत. म्हणून कोऱ्या कापडाला आधी वीतभर अंतराने कच्चा टाका घालून घ्यावा आणि मशीनवर शिवायचे असेल तर मधूनच सुरुवात करावी. सुई सोळा नंबरची घ्यावी, जाड जोडांवर बारीक सुई मोडते.

कापड न्याहाळणे, रंग लावून बघणे, पुन्हा घडी घालणे, यात जाणारा वेळ फुकट गेला असे काही जणींना वाटते. साठवणे आणि शिवणे हे दोन स्वतंत्र छंद आहेत, असे मानले की ही कुरकूर थांबते. शिवाय हाताशी काय कापड आहे त्यावर गोधडीचे रूप ठरत असते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावाच्या आसपासच्या बायकांच्या सहकारी संस्थेला १९७२ मध्ये सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवायचे काम मिळाले. उरलेले कातरण घरोघरी गेले आणि तिथल्या त्या काळातल्या क्विल्ट कॉर्डरॉयच्या रुंद, भडक पट्ट्यांच्या झाल्या. २००२ मध्ये या गावच्या क्विल्ट ह्यूस्टन आणि न्यू यॉर्कच्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. अर्धवट पडलेल्या कामाबद्दलही असेच मोकळे मन असावे. ज्या गोधडीचा रंग आता बघवत नाही ती उसवून तिची ठिगळे दुसरीकडे लावावीत, किंवा हौस असलेल्या दुसऱ्या कुणाला ती द्यावी. हौसेला मुदत कसली?

मग बाहेर काय काढायचे? बुरशी लागलेले, हिसक्याला फाटून आत घालण्याच्याही लायकीचे न उरलेले, आणि कधीच न आवडलेले. यातले न आवडलेले तेवढे गोधड्या शिवणाऱ्या बचत गटाला द्यावे, पण धुऊन, सुती आणि मिश्र असे वेगळे करून, हुक-बटणे काढून. न निवडलेले बोचके दिले की निवडण्याचे काम त्यांच्या गळ्यात पडते, आणि त्या वेळेची मजुरी त्यांना कुणी देत नाही.

पुढच्या रविवारी शक्य असल्यास पुरवणीत एक छोटी चौकट छापावी: आठ सुती खण आणि दोन जुन्या सहावारी साड्या वरच्या व आतल्या थरांना, आणि पाठीच्या अस्तराला तिसरी साडी. अनेक घरांत एवढे कापड भंगारवाल्याच्या पोत्यात भरून दाराशी ठेवलेले असेल, तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या आधी छापलेली बरी.

आपली,
गोधडीकाम शिकवणारी एक वाचक, सातारा