लिब्रेऑफिसच्या मराठी मार्गदर्शिकेसाठी हातभाराचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

दादर येथील आमच्या वाचनालयाच्या संगणक कक्षात सर्व संगणकांवर लिब्रेऑफिस हे मुक्त सॉफ्टवेअर वापरले जाते. २०१० साली ओपनऑफिस प्रकल्पातून वेगळे निघालेले हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, त्याचे मेनू मराठीत करून घेता येतात आणि सोसायटीच्या मेंटेनन्सच्या हिशेबापासून लग्नाच्या निमंत्रितांच्या यादीपर्यंतची कामे त्यात होतात. अडचण आहे ती ते शिकवणाऱ्या मजकुराची. त्यातील रायटर (लेखनासाठी), कॅल्क (हिशेबाच्या तक्त्यांसाठी), इम्प्रेस (सादरीकरणासाठी) या भागांच्या सविस्तर मार्गदर्शिका इंग्रजीत आहेत. मराठीत विचारणाऱ्याला मात्र आम्ही आजवर तोंडीच उत्तरे देत आलो आहोत. ती आता लिहून काढायची आहेत आणि त्यासाठी वाचनालयाच्या सभासदांनी, तसेच मुंबईतील इतर मराठी भाषकांनी आपला थोडा वेळ द्यावा, अशी विनंती आहे.

गेल्या महिन्यात आमचे एक सभासद, जे निवृत्त शिक्षक आहेत, वाचनालयाचा वार्षिक अहवाल टाइप करत होते. परिच्छेदाच्या शैलीत त्यांनी अक्षरांचा आकार १४ केला, तेव्हा मजकुरातले इंग्रजी शब्द तेवढे मोठे झाले आणि मराठी अक्षरे होती तेवढीच राहिली. सरांनी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, फाँट बदलून पाहिला, आणि शेवटी एकेक परिच्छेद निवडून हाताने मोठा करत बसले. त्यात दुपार गेली. उत्तर एका वाक्याचे होते. लिब्रेऑफिस देवनागरीची गणना ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या गटात करते आणि शैलीमध्ये त्या गटाचा फाँट व आकार रोमन लिपीपासून वेगळा ठरवावा लागतो. केवळ रोमन लिपीत लिहिणाऱ्याला हे कळण्याची कधी गरजच पडत नाही, म्हणून इंग्रजी मार्गदर्शिकेचे नुसते भाषांतर आम्हांला पुरेसे वाटत नाही.

या कामासाठी प्रोग्रामिंग येण्याची अट नाही. उलट, संगणक बेताचाच येणारी माणसे आम्हांला अधिक हवी आहेत. लिहिलेल्या पायऱ्या त्यांनी कोणालाही न विचारता करून पाहाव्यात आणि हात जिथे थबकेल तिथे पेन्सिलीने खूण करावी. जाणकाराला त्या जागा दिसतच नाहीत, असा आमचा अनुभव आहे. मुद्रितशोधनाची सवय असलेल्यांची आणि मराठी मेनू दिसत असतानाचे स्क्रीनशॉट काढून देणाऱ्यांचीही गरज आहे.

भाषेबाबत एक पथ्य पाळावे लागेल. मेनूत जो शब्द दिसतो तोच मार्गदर्शिकेत जसाच्या तसा छापला जाईल, मग तो आपल्याला कितीही खटको, कारण वाचणारा पडद्यावर तोच शब्द शोधणार आहे. तो बदलायलाच हवा असे वाटल्यास प्रकल्पाच्या वेबलेट या भाषांतर-व्यवस्थेत तशी सूचना करता येते. यंत्राकडून करून घेतलेले भाषांतर तपासल्याविना स्वीकारले जाणार नाही. कॅल्कमधल्या ‘सेल’ची, म्हणजे तक्त्यातल्या चौकटीची, ‘पेशी’ झालेली आम्ही पाहिली आहे. बाजारातल्या पुस्तकांमधला मजकूरही उतरवून देऊ नये. लिब्रेऑफिसच्या मार्गदर्शिका क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० किंवा जीपीएल या परवान्यांखाली निघतात, म्हणजे परवान्याच्या अटी पाळून त्या कोणालाही छापता, बदलता आणि वाटता येतात. दुसऱ्याच्या मजकुराबाबत अशी मुभा देण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या मार्गदर्शिकांत लिहिणाऱ्यांची व तपासणाऱ्यांची नावे दिलेली असतात, तशी आपलीही दिली जातील.

दर रविवारी सकाळी १० ते १२ या वेळेत आम्ही वाचनालयात बसणार आहोत. मेगाब्लॉकमुळे डोंबिवली-कल्याणकडच्या मंडळींना रविवारी येणे जड जाते, याची कल्पना आहे. त्यांनी एखादे प्रकरण घरी न्यावे आणि रायटरमध्येच, बदलांची नोंद चालू ठेवून, दुरुस्त करून पाठवावे.

रोख देणगी आम्ही मागत नाही. चालू स्थितीतला जुना लॅपटॉप किंवा छपाईसाठी कागदाची रिमे मिळाली, तर ती पोचपावती देऊन स्वीकारली जातील. सॉफ्टवेअरलाच आर्थिक मदत करू इच्छिणाऱ्यांनी ती लिब्रेऑफिसचा कारभार पाहणाऱ्या, बर्लिन येथे नोंदणी झालेल्या द डॉक्युमेंट फाउंडेशन या संस्थेकडे थेट पाठवावी.

इच्छुकांनी ग्रंथपालांच्या टेबलावरील वहीत नाव आणि सोयीची वेळ लिहून ठेवावी. लिब्रेऑफिस वापरताना आपण स्वतः कुठे अडलात, तेही नावापुढे एका ओळीत लिहावे. पहिली प्रकरणे कोणती घ्यायची, हे त्या ओळींवरूनच ठरणार आहे.

आपले,
कार्यकारी मंडळ