औंढ्याची वेधशाळा आणि गामा किरणांचे स्फोट

हिंगोली,
दि. ८ डिसेंबर

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पोचले. औंढा नागनाथला लायगोची, म्हणजे अवकाशात पसरणारे सूक्ष्म कंप अर्थात गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होणार असताना गामा किरणांच्या स्फोटांसाठी, म्हणजे दूरच्या आकाशातून येणाऱ्या या किरणांच्या क्षणिक झोतांसाठी, वेगळा उपग्रह कशाला हवा, हा तुझा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

गामा किरण वातावरणातच शोषले जातात. म्हणूनच १९६७ साली हे स्फोट पहिल्यांदा नोंदले गेले तेही अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांवर. आपला खगोल-उपग्रह ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला आणि त्यावरील सीझेडटीआय हे उपकरण ६ ऑक्टोबरला सुरू झाले, त्याच दिवशी त्याने एक स्फोट टिपला.

या उपकरणात कॅडमियम झिंक टेल्युराइडचे ६४ शोधक चार चौकटींत बसवले आहेत. गामा किरण स्फटिकात शिरला की विद्युतभार निर्माण होतो आणि त्यावरून किरणाची ऊर्जा व येण्याची वेळ नोंदली जाते. सुमारे १०० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टहून (हे ऊर्जेचे एकक) अधिक ऊर्जेचे किरण उपकरणाच्या भिंतीही भेदतात, त्यामुळे ते ज्या दिशेला रोखलेले नाही तिकडचा स्फोटही त्याला दिसतो. पृथ्वीआड गेलेले आकाश तेवढे सुटते. मात्र वैश्विक किरण उपग्रहावर आदळूनही नोंदींचा लोंढा उठतो. एकाच चौकटीत उसळी दिसली तर संशय घ्यायचा, चारही चौकटींत एकदम दिसली तर ती गांभीर्याने तपासायची. ही निवड मला शोधाइतकीच महत्त्वाची वाटते.

४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतील लायगोने दोन कृष्णविवरांच्या मिलनाची गुरुत्वीय लहर नोंदवली. ती जिथून आली असावी त्या आकाशाच्या भागात पुढे एक मंदावत जाणारा प्रकाशबिंदू सापडला आणि तो त्याच घटनेचा असेल, अशी आशा निर्माण झाली. सीझेडटीआयच्या नोंदींत लहरीच्या वेळी काहीच नव्हते, पण सुमारे २१ तासांनी एक स्फोट होता. प्रकाशबिंदू त्या स्फोटाचा ठरला, लहरीशी त्याचा संबंध नव्हता. दिगंबर, आपल्या उपकरणाने जगाला एका चुकीच्या निष्कर्षापासून वाचवले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

उलट १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याची लहर आली आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गामा स्फोट टिपला. तेथे नाते खरे निघाले. औंढ्याची वेधशाळा चालू झाली की लहरीची दिशा अधिक नेमकी कळेल, पण त्या क्षणी गामा किरण निघाले की नाही, हे सांगायला वर कोणीतरी जागे असावेच लागेल.

या किरणांचे ध्रुवणही, म्हणजे त्यांच्या कंपनांची दिशाही, सीझेडटीआय मोजते. तो विषय मोठा आहे, त्याविषयी पुढच्या पत्रात लिहितो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक