शुभांकाच्या शेजारी चार ओळी

महोदय,

आपल्या दैनिकात राशिभविष्याखाली रोज 'शुभांक' छापून येतो. तो कशावरून शुभ, याचा हिशेब मात्र कुठेच नसतो. बेरीज नऊ यावी म्हणून लोक एमएच १३ च्या नंबरासाठी आरटीओत जादा पैसे मोजतात, त्यातलीच गत.

मी चादरीच्या कारखान्यात जन्मभर वह्या लिहिल्या. बिनहिशेबी आकडा मला बघवत नाही. म्हणून आपल्या सोलापूरचा पिनकोडच कागदावर घेतला : ४१३००१. अंकांची बेरीज नऊ. नवाने भागले की ४५८८९, आणि ते म्हणजे १०९ गुणिले ४२१. पुढे फोड नाही, दोन्ही मूळ संख्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो ती 'हर्षद' संख्या. हे नाव दिले देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी. म्हणजे आपला पिनकोड हर्षद! बार्शीकरांनी रागावू नये, पण ४१३४०१ ला तेराने भागले की एक उरतो.

कापरेकरांचा ६१७४ काहींना ठाऊक असेल. चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग हलत नाही. मी हाच खेळ पिनकोडवर लावला. ४३११०० वजा ००११३४, आले ४२९९६६. मग ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४... आणि परत ४२०८७६! सात संख्यांचे रिंगण, बाहेर वाट नाही. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या जागच्या न हलणाऱ्या संख्या आहेत, पण सोलापूर तिथवर पोचतच नाही.

यातल्या प्रत्येक उत्तराला नवाने भाग जातो. वह्या लिहिणाऱ्याला त्याचे नवल नाही. तेच अंक जागा बदलून वजा केले की उत्तर नवाच्या पटीतच येणार. बेरजेत फरक निघाला आणि त्याला नवाने भाग गेला, की आम्ही आधी उलटे पडलेले आकडे शोधायचो. कुठेतरी ५४ चे ४५ झालेले असायचे. कॉम्प्युटर आल्यापासून हे कुणाला सांगायची सोय राहिली नाही.

२२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनी, शाळाशाळांतून रामानुजन आणि त्यांची प्रसिद्ध संख्या १७२९ यांवर भाषणे होतात. व्हावीतच. पण गणिताच्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली अमेरिकेत ज्यांच्यावर लिहिले, ते कापरेकर आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, हे किती पोरांना माहीत असते?

शुभांक बंद करा असे मी म्हणत नाही, खप तुम्हाला सांभाळायचा आहे. शेजारी चार ओळी मोकळ्या ठेवा आणि रोज एक संख्या द्या. पहिल्या दिवशी ४१३००४ छापा, हर्षद आहे की नाही ते वाचकांना विचारा, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी द्या.

आपला जुना वाचक,
साखर पेठ, सोलापूर
(नाव छापू नये)