नोकरी गेली, तीही एकट्याची

महोदय,

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला. घरात नळ, घरातच संडास. पहाटे चारला सार्वजनिक नळावर उभी राहिलेली मी हे सुख नाकारणार नाही. पण शेजारच्या दारामागचं एक दुःख कळायला मला चार महिने लागले, ते सलतंय.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. वडिलांचा पगार बंद. शेजारच्या खाणावळवाल्या काकू आमच्यासाठी रोज चार भाकऱ्या जास्त थापायच्या. आईला ओशाळं वाटू नये म्हणून माझ्याकडून लसूण सोलून घ्यायच्या. गिरणी गेली, पण वडिलांना कुणी नालायक म्हटलं नाही.

आता टॉवरमधल्या शेजारच्या मुलाची नोकरी कपातीत गेली. तरी तो रोज बॅग घेऊन बाहेर पडायचा. त्याची बायको लिफ्टमध्ये कुजबुजली, ‘‘काकू, लोक म्हणतील, हाच कमी पडला.’’ शेकडो जणांना काढलं, तरी त्यानं दोष एकट्याच्याच माथी घेतला. हे त्याला कुणी शिकवलं?

रविवारी दोघांना जेवायला बोलावलंय. लसूण त्यालाच सोलायला देणार आहे.

– एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई